तुटीच्या वर्षात गटारांच्या खर्चाला कात्री लावण्याआधी

छोट्या नगरपालिकेचं अंदाजपत्रक तुटीत गेलं की पहिली कात्री भुयारी गटारांच्या देखभालीला लागते. पगार थांबवता येत नाहीत, कर्जाचे हप्तेही नाहीत. आणि जमिनीखालची वाहिनी यंदा धुतली नाही म्हणून सभेत कोणी आवाज उठवत नाही. आवाज उठतो तो चेंबर उसळल्यावर. तेव्हा निविदा काढायला सवड नसते, रात्री जो मशीन घेऊन येईल तो म्हणेल तो दर. म्हणून तातडीच्या कामांचा दरकरार वर्षाच्या सुरुवातीलाच करून ठेवावा. तुटीच्या वर्षात तर नक्कीच.

खर्च कमी करायचाच असेल तर सरसकट दहा टक्के कापू नका. गावात तुंबणारे तुकडे बहुधा तेच ते असतात: उतार कमी पडलेले, खानावळींच्या खालचे, झाडांच्या मुळांनी सांधे फोडलेले. दोन वर्षांच्या तक्रारी नकाशावर मांडल्या की ते दिसतात. तेवढ्यांना दर तीन महिन्यांनी जेटिंग, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने आतून धुणं; बाकीच्यांना गरजेप्रमाणे. तुंबा शोधायला झाकणं उघडली की पुरे: वरचं चेंबर भरलेलं आणि खालचं कोरडं, तर अडथळा त्या दोघांच्या मध्ये. जेटिंगची नळी खालच्या, कोरड्या चेंबरमधून वर सोडायची, म्हणजे गाळ ओढला जाऊन खाली येतो आणि तिथून उपसता येतो. वरून सोडली तर तोच गाळ पुढे ढकलला जातो आणि तुंबा दुसऱ्या गल्लीत जाऊन बसतो. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो, त्यामुळे ‘वास नाही, म्हणजे ठीक आहे’ हा समज जिवावर बेततो.

आता बांधकाम परवानगीचं टेबल. गटारांचा निम्मा त्रास इथे अडवता येतो, पण बांधकाम विभाग आणि मलनिस्सारण विभाग एकमेकांच्या फायली बघतच नाहीत. हिशोब करून पाहा. २०० मिलिमीटर व्यासाची वाहिनी २५० मीटरला १ मीटर उताराने टाकली, तर पूर्ण भरून सेकंदाला साधारण २० लिटर पाणी नेते. १०० चौरस मीटर छतावर तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडला तर त्या एका छताचं पाणी सेकंदाला जवळपास ०.७ लिटर. म्हणजे ३० घरांनी छताचे पाइप गुपचूप मलवाहिनीला जोडले की वाहिनी भरली, सांडपाण्याचा थेंबही न धरता. वर ते पाणी पंपाने उचलायचं आणि शुद्धीकरण केंद्रात साफ करायचं, म्हणजे वीजबिल नगरपालिकेच्या माथी. कोरड्या दिवशी पंप किती तास चालतो आणि पावसाच्या दिवशी किती, हे लॉगबुकात शेजारी शेजारी मांडा. फरक मोठा असेल तर पाणी कुठून तरी आत शिरतंय. भोगवटा दाखल्याच्या पाहणीत छताच्या पाइपात रंगीत पाणी ओतून जवळचं चेंबर उघडावं. दहा मिनिटांचं काम आहे.

रस्ता खोदाईच्या परवानगीतही तीच ढिलाई. चर बुजवताना माती १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांत दाबायची असते. प्रत्यक्षात सगळी एकदम लोटून वरून रोलर फिरवतात, आणि पहिल्या पावसात रस्ता बसतो. अनामत काम संपल्याच्या दिवशी परत केली तर तो खर्च कोणाकडून वसूल करणार? एक पावसाळा उलटू द्यावा. मात्र बुजवणं नीट असूनही तिथेच पुन्हा पुन्हा खड्डा पडत असेल, तर खडी टाकत बसू नका. खालच्या फुटक्या सांध्यातून माती वाहिनीत जाते आहे आणि रस्त्याखाली पोकळी तयार होते आहे. आधी वाहिनीत कॅमेरा घाला.

कॅमेऱ्यात भेगा किंवा उघडे सांधे दिसले तर आतून अस्तर घालण्याचा पर्याय आहे. रेझिनमध्ये (नंतर घट्ट होणाऱ्या राळेसारख्या द्रवात) भिजवलेली नळी वाहिनीत फुगवून जागेवरच कडक करण्याची ही पद्धत १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा वापरली गेली. रस्ता फोडावा लागत नाही, म्हणून सगळ्यांना ती आवडते. पण खोलगट बसलेली वाहिनी अस्तराने सरळ होत नाही आणि पूर्ण कोसळलेल्या तुकड्यातून नळी पुढे सरकतच नाही; तिथे खोदाईला इलाज नाही. शिवाय अस्तरामुळे घरांच्या जोडण्या झाकल्या जातात. त्या आतून कापून उघडण्याचं काम निविदेत स्वतंत्र बाब म्हणून नसेल तर ठेकेदार नंतर जादा बिल लावतो.

पैशाचं म्हणाल तर अस्तर आणि नवी वाहिनी अनेक दशकं टिकते, त्यासाठी कर्ज काढलं तर चालतं. जेटिंगसाठी कर्ज काढू नये. नव्या जोडण्यांचं शुल्क एकदाच येतं. त्यावर पगार भागवले तर बांधकामं थंडावलेल्या वर्षी तेवढीच तूट परत येते.

बदललेल्या तुकड्याचं बिल काढण्यापूर्वी एका चेंबरमध्ये दिवा धरून दुसऱ्यातून आरशाने बघावं. पूर्ण गोल दिसला तर वाहिनी सरळ आहे. गोल खालून कापलेला दिसला, तर मध्ये कुठेतरी वाहिनी उचलली गेली आहे किंवा पाणी साचलं आहे. मग लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं उपकरण) लावून उतार तपासायचा आणि तोवर मोजमाप पुस्तकात सही करायची नाही.