प्रांजळ मत

दुपारी एका मित्राने स्वतः लिहिलेली कथा पाठवली. १९ पानांची पीडीएफ आणि खाली एकच ओळ, "प्रांजळ मत दे."

कथा उघडली खरी पण मी अडकलो त्या प्रांजळवरच. हा शब्द बोलताना कोणी वापरतं का हो? मत आणि कबुली, या दोघांच्या शेजारीच तो काय तो दिसतो. "अमका फार प्रांजळ आहे" असं शेवटचं कधी ऐकलं ते आठवेना. सडेतोड, परखड, रोखठोक हे मात्र रोजचे, आणि उच्चारतानाच कोणाला तरी काहीतरी लागल्यासारखे वाटतात. प्रांजळ आपला शेवटी ळ वर येऊन टेकतो, नितळ निर्मळच्या पंगतीत. पण फरक नुसता आवाजाचा नाही. परखड कबुली असं कोणी म्हणत नाही, कबुली प्रांजळच असते. "मी बाबा तोंडावर बोलतो" म्हणणारी जी जमात आहे (माझं यांच्याशी एक मिनिट पटत नाही) ती कायम दुसऱ्याच्या तोंडावर बोलते, स्वतःबद्दल काही सांगायची वेळ आली की यांचा घसा बसतो.

मुळात संस्कृतात प्रांजल म्हणजे सरळ. हिंदीवाल्यांनी तो भाषेला दिला, प्रांजल भाषा म्हणजे स्वच्छ, सुबोध भाषा. आपण माणसाच्या मनाला दिला. तसाच दुसरा शब्द आर्जव. गीतेत तेराव्या अध्यायात आर्जव येतं ते ऋजुपणा, सरळपणा या अर्थाने, आणि मराठीत आर्जवं करणं म्हणजे चक्क गयावया करणं. सरळ माणसाला शेवटी विनवण्याच कराव्या लागतात असा काहीतरी अनुभव आपल्या पूर्वजांनी घेतलेला दिसतोय.

मी लहानपणी आजीच्या चष्म्यावर बसलो होतो. काडी मोडली. मी ती तशीच जागेवर नीट जुळवून चष्मा त्याच्या घरात ठेवला, घर टक्कन बंद केलं आणि समोर पुस्तक धरून बसलो. संध्याकाळी तिने घर उघडलं, काडी मांडीवर पडली, तर म्हणते, "मीच ठेवला असेल वेंधळ्यासारखा." एवढं आयतं निमित्त मिळाल्यावर कोण बोलतोय. तिने काळ्या दोऱ्याने काडी बांधली, गाठ दातांनी ओढून घट्ट केली, आणि पुढे कितीतरी महिने त्याच चष्म्याने वाचत होती. दोरा कानाला टोचायचा म्हणून मधेमधे कान चोळायची. दरवेळी मला वाटायचं आता सांगू. नंतर सांगायला ती राहिली नाही.

तर काय सांगत होतो, कथा. प्रांजळ म्हणजे स्वतःबद्दलचं खरं, हे मीच आत्ता वर लिहिलंय, तेव्हा त्या हिशोबाने "मला सहाव्या पानावर झोप लागली" हेच माझं प्रांजळ मत. तसं टाईप पण केलं. मग त्याच्या नावाखाली ऑनलाइन दिसायला लागलं, आणि मी ते खोडून "छान जमलीये, शेवट तर एकदम मस्त" असं पाठवून दिलं.

शेवट रात्री वाचीन.