तंबू सगळ्यात शेवटी घ्या

कॅम्पिंगचं सामान घ्यायचं म्हटलं की जो तो आधी तंबू बघायला लागतो. परवा माझ्या भाच्याने तंबूंचे ढीगभर फोटो पाठवले. हिरवे, केशरी, दोन माणसांचे, चार माणसांचे. "आत्या, यातला कुठला घेऊ?" मी उलट विचारलं, "रात्री अंगाखाली काय घालणार आहेस?" त्यावर त्याचा काहीच विचार झालेला नव्हता. मग बराच वेळ फोनवर बोललो. तेच इथे जरा ऐसपैस लिहिते आहे. माझा व्यवसाय शिवणकामाचा. दुरुस्तीला आलेल्या सॅक, तंबू, रेनकोट मी आतून-बाहेरून उसवून बघते, त्यामुळे कापड आणि शिवण हा विषय निघाला की मी लवकर थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

उघड्यावर मुक्काम करण्यातलं निम्मंअधिक सुख झोपेवर अवलंबून असतं. रात्र कुडकुडत काढली की सकाळी समोर केवढीही सुंदर दरी असो, माणूस परत कधी निघायचं तेच विचारतो. आणि थंडी वरून लागते त्याहून जास्त खालून लागते. जमीन रात्रभर शरीरातली उष्णता ओढत राहते. स्लीपिंग बॅग कितीही जाड घ्या, पाठीखालचा तिचा भाग आपल्याच वजनाने दबतो आणि त्यातली हवा निघून जाते. ऊब धरून ठेवते ती हवाच, त्यामुळे तिथे बॅग असून नसल्यासारखी. म्हणून पहिली खरेदी मॅटची.

मॅटवर 'आर-व्हॅल्यू' असा आकडा लिहिलेला असतो. तो जितका मोठा तितकी मॅट उष्णता खाली जाऊ देत नाही. पूर्वी प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीने काढायची, त्यामुळे दोन कंपन्यांच्या मॅटची तुलना करण्यात अर्थ नसे. २०१८ साली एएसटीएम एफ३३४० हे मोजणीचं सामायिक मानक आलं. मॅट घेताना त्याचा उल्लेख आहे का ते बघा. उबदार रात्रींना १ ते २ पुरतं, गारठ्याला ३-४ हवं, बर्फावर झोपायचं असेल तर ५ च्या वर. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर दोन्ही आकड्यांची सरळ बेरीज होते, ही फार उपयोगाची गोष्ट आहे. मी स्वतः खाली साधी फोमची कॅरीमॅट टाकते आणि तिच्यावर हवा भरायची मॅट. वरची फुटली तरी खालची असते, आणि दिवसा तीच कॅरीमॅट झाडाखाली बसायला होते. आत कसलंही अस्तर नसलेली नुसती हवेची गादी मात्र गार रात्री नेऊ नका. आतली हवा खेळत राहते आणि अंगातली उष्णता जमिनीपर्यंत पोचवत राहते.

मग स्लीपिंग बॅग. पिशवीवर मोठ्या अक्षरात एकच तापमान छापलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर वेगवेगळी तापमानं असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्ट म्हणजे प्रमाण धरलेली स्त्री ज्या तापमानाला आरामात झोपू शकते ते. लिमिट म्हणजे प्रमाण धरलेला पुरुष अंग आखडून घेऊन का होईना, पण झोपू शकतो ते. एक्स्ट्रीम हा तर जीव वाचण्याचा आकडा आहे, झोपेचा नाही. ही चाचणी तापवलेल्या पुतळ्यावर करतात, त्याला आतले कपडे चढवलेले असतात आणि खाली मॅट असते. पुन्हा मॅटच! तुम्ही पुरुष असा की स्त्री, कम्फर्टचाच आकडा धरा. जिथे जाणार आहात तिथलं रात्रीचं तापमान पायथ्याच्या गावावरून काढत असाल तर दर १००० मीटर चढाला साधारण ६.५ अंश सेल्सियस वजा करा.

पिसांची बॅग की कृत्रिम धाग्याची, यावर लोक तावातावाने भांडतात. पिसं हलकी आणि छोट्या जागेत मावणारी, पण भिजली की गोळा होऊन बसतात आणि ऊब जाते. कृत्रिम भरण जड, पण ओलं झालं तरी थोडीफार ऊब देतं आणि लवकर वाळतं. पावसापाण्याच्या जागी जाणाऱ्याने कृत्रिम घ्यावी, कोरड्या थंडीत जाणाऱ्याने पिसांची. मला यात भांडण्यासारखं काही दिसत नाही.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. सुती कापड मला अतिशय प्रिय आहे, पण डोंगर चढताना अंगालगत ते नको. घाम शोषतं, धरून ठेवतं आणि थांबलात की गार पडतं. अंगालगत लोकर किंवा पॉलिस्टर, त्यावर ऊब देणारं काहीतरी, सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारं. झोपायला एक कोरडा जोड वेगळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला. त्याला दिवसा हात लावायचा नाही.

सॅक घेताना लिटर बघण्याआधी पाठीची लांबी मोजा. मान खाली वाकवली की मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या रेषेपर्यंत. उंच माणसाची पाठ लांबच असते असं नाही. माझ्याकडे मापं द्यायला येणाऱ्यांत मी हे रोज बघते. सॅकचा बहुतेक भार कमरेच्या पट्ट्यावर यायला हवा, खांद्यांनी तिला फक्त जवळ धरून ठेवायचं. दुकानात रिकामी सॅक पाठीवर टाकून काही कळत नाही, आत वजन भरायला सांगा आणि जिना चढून-उतरून बघा. पट्टे ज्या जागी सॅकला जोडलेले असतात तिथली शिवण उलटून बघा. एकाच जागी अनेकदा जवळजवळ टाके मारून पक्की केलेली असेल तर ठीक. एकच सरळ रेघ असेल तर ती सॅक परत ठेवा.

आता तंबू. "दोन माणसांचा" म्हणजे दोन माणसं खांद्याला खांदा लावून झोपतील एवढा, सामान बाहेर. दोघांना तिघांचा घ्यावा. काठ्या फायबरग्लासच्या असतील तर स्वस्त पडतात, पण जड असतात आणि मोडल्या की चिरफळ्या उडतात. अॅल्युमिनियमच्या वाकतात, आणि वाकलेली काठी नळीचा तुकडा चढवून मुक्काम संपेपर्यंत चालवता येते.

कापडावर 'डेनियर' असा शब्द दिसेल. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके त्याचे डेनियर, म्हणजे आकडा लहान तितका धागा बारीक. बारीक म्हणजे वाईट असं अजिबात नाही. वरच्या कापडाला बारीक चालतं, तळाला जाड हवं. कापड उजेडात धरलंत आणि त्यात बारीक चौकटी दिसल्या तर ते रिपस्टॉप. ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो, त्यामुळे फाटणं त्या चौकटीपाशी अडतं. पाणी अडवण्याची ताकद मिलिमीटरमध्ये सांगतात. त्या कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते पाझरणार नाही, असा त्याचा अर्थ. वरच्या कापडाला १५०० ते ३००० पुष्कळ झालं. तळाला त्याहून जास्त हवं, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकवला की तेवढ्या जागेवर दाब कितीतरी वाढतो.

पण पाणी कापडातून क्वचितच येतं, येतं ते शिवणीतून. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक हे पाण्याचं दार आहे. तंबू विकत घेण्याआधी उलटा करा आणि शिवणींवरून बोट फिरवत जा. दोन्ही कापडांच्या कडा एकमेकींत दुमडून वर दोन समांतर टीपा मारलेल्या असतील तर शिवणाऱ्याला काम येत होतं. आतून पारदर्शक टेप चिकटवलेली असते. ती कोपऱ्यांवर, जिथे तीन-चार शिवणी भेटतात, तिथे उचकटलेली नाही ना ते बघा. सिलिकॉनचा थर दिलेल्या नायलॉनवर ही टेप चिकटत नाही, अशा तंबूंच्या शिवणींना सिलिकॉनचंच सीलर हाताने लावावं लागतं. ते लावायला एक दुपार जाते आणि मला ती दुपार फार आवडते. नायलॉनचा आणखी एक स्वभाव: भिजलं की ते सैल पडतं. संध्याकाळी ताठ असलेला तंबू पाऊस सुरू झाल्यावर ढिला दिसला तर घाबरू नका, झोपण्याआधी बाहेरच्या दोऱ्या पुन्हा एकदा ओढून घ्या. पॉलिस्टर तसं करत नाही.

सकाळी आतून थेंब दिसले की लोक म्हणतात तंबू गळतो. बऱ्याचदा ती आपल्याच श्वासातली वाफ असते, गार कापडाला लागून तिचं पाणी झालेलं. थंडी वाजते म्हणून सगळी दारं-झरोके घट्ट बंद केले की हे होणारच. वरचे झरोके उघडे ठेवा. दरीच्या अगदी तळाशी तंबू लावू नका, गार हवा जड असल्यामुळे रात्री तिथेच उतरून साचते. थोडं वर चढून लावला तरी फरक जाणवतो. पाण्यापासून निदान ६० मीटर लांब राहा. म्हणजे पाणीही घाण होत नाही आणि तिथे रात्री पाणी प्यायला येणाऱ्या प्राण्यांचीही अडचण होत नाही. आणि मान वर करून झाड बघा. वाळलेली फांदी लटकत असेल तर जागा बदला.

स्टोव्ह तंबूच्या आत कधीही, कुठल्याही कारणाने पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतून उठत नाही. इथे मी कुणाचंही ऐकून घेत नाही. गॅसच्या डब्यात नुसतं ब्युटेन असेल तर शून्याच्या आसपास ते वायू व्हायचंच थांबतं, कारण त्याचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश आहे. थंडीत आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असलेला डबा न्यावा.

इतकं सगळं सामान कशासाठी, तर पुढचा अख्खा दिवस आपला असावा म्हणून. लोक तिथे पोचतात, तंबू लावतात आणि मग काय करायचं ते त्यांना सुचत नाही, म्हणून फोनवर गाणी लावतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पहाटे उजेड फुटायच्या आधी जागे व्हा आणि पडल्या पडल्या ऐका. पक्षी सगळे एकदम बोलत नाहीत, एकामागून एक सुरू होतात, आणि लागोपाठच्या दोन पहाटे ऐकलंत तर कोण आधी आणि कोण मागून ते ओळखू येतं. दिवसा एखाद्या ओढ्याच्या काठाने, कुठेही पोचायचं नाही असं ठरवून चाला. पोचायचंच असेल तर १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने सांगितलेला हिशोब आजही उपयोगी पडतो: सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. मुलं बरोबर असतील तर त्यात भरपूर भर घाला, कारण त्यांना वाटेतला प्रत्येक किडा बघायचा असतो आणि तो बघू द्यायलाच हवा.

रात्रीसाठी शक्य असेल तर अमावास्येच्या आसपासची तारीख धरा. डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ते सगळं फुकट जातं, म्हणून हेडलॅम्प लाल दिव्याचा घ्यावा. भाच्याला मी एक खेळ शिकवला आहे. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश रुंद भरते. उत्तर गोलार्धात असाल तर क्षितिजापासून ध्रुवताऱ्यापर्यंत मुठींवर मुठी रचत जा. जितके अंश भरतील तितकं त्या जागेचं अक्षांश! पहिल्यांदा त्याचं उत्तर नकाशाशी जवळपास जुळलं तेव्हा तो रात्रभर भेटेल त्याला मुठी मोजायला लावत होता.

घरी आल्यावर तंबू तसाच गुंडाळून माळ्यावर टाकू नका. ओलसर राहिला की कापडावरचा पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर हळूहळू सुटतो, चिकट होतो आणि त्याला कुबट वास येतो. तो थर मी दुरुस्त करू शकत नाही, कुणीच करू शकत नाही. सावलीत पसरून पूर्ण वाळवा. सावलीत, कारण ऊन नायलॉनला कमजोर करतं. स्लीपिंग बॅग तिच्या छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा, नाहीतर भरण दबलेलंच राहतं. आणि तंबूची चेन लागत नसेल, रनर पुढे सरकतो पण मागे दात उघडेच राहतात असं होत असेल, तर चेन बदलण्याच्या आधी ब्रशने तिच्यातली माती काढा. मग पकडीने रनरच्या दोन्ही बाजू मागच्या टोकाशी अगदी हलक्या हाताने दाबा, आधी एक बाजू, मग दुसरी. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक चेनींना एवढंच पुरतं.