आमची वाटचाल: मांडीवर उघडणारी पुस्तकं

आमचं पहिलं पुस्तक मोठ्या माणसांना फार आवडलं. मुलांनी ते तिसऱ्या पानाशी मिटलं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आम्ही जे काही केलं त्याची सुरुवात त्या मिटलेल्या पुस्तकापासून झाली. तेव्हा आम्ही दोघीच होतो. मी छापखान्यांसाठी अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी करायचे, मैत्रीण शालेय पुस्तकांसाठी चित्रं काढायची. तिने आपल्या अडीच वर्षांच्या लेकीसाठी एका वहीत चित्रं काढली होती. ती वही पाहून मी म्हटलं, याचं पुस्तक करू या. एक टेबल, एक संगणक आणि दोघींची थोडीफार शिल्लक, एवढ्या भांडवलावर काम सुरू झालं.

छपाईची बाजू मला तोंडपाठ होती. एका मोठ्या कागदाच्या दोन्ही अंगांना मिळून १६ पानं बसवली आणि घड्या घातल्या की एक फर्मा होतो. असे दोन फर्मे म्हणजे ३२ पानं. जगभरातली बरीचशी चित्रपुस्तकं नेमकी ३२ पानांची असतात, त्याचं कारण या घड्यांमध्ये आहे. शीर्षकाची आणि इतर पानं वजा जाता गोष्टीला जेमतेम बारा ते चौदा जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांच्या जोड्या, उरतात. त्या प्रत्येक जोडपानावर, चित्राखाली, मी सहा-सहा ओळींचं पद्य घातलं. यमकं जुळवायला रात्र रात्र जागले.

पहिल्या वाचनाच्या दिवशी मी दुसऱ्या ओळीवर होते, तेवढ्यात एक चिमुकला हात पुढे आला आणि त्याने पान उलटलं. मी पान मागे घेतलं. हाताने ते पुन्हा उलटलं. तिसऱ्या खेपेला पुस्तकच मिटलं आणि ते मूल उठून खेळायला गेलं. मला त्या दिवशी त्या मुलाचा राग आला होता. आज हे लिहिताना त्याचं वाईट वाटतं.

काही आठवड्यांनी एक आजोबा नातीला घेऊन वाचनाला आले. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे त्यांना मजकूर दिसत नव्हता. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, पुस्तक उघडलं आणि तिलाच विचारलं, “हा कुठं निघालाय गं एवढ्या घाईनं?” नात काहीतरी म्हणाली. आजोबा म्हणाले, “असं होय! आणि छत्री कशाला घेतलीय?” ती एका पानावर किती वेळ थांबली असेल! शेवटच्या पानापर्यंत पोचायला त्यांना अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासात माझी एकही ओळ वाचली गेली नाही. आम्ही दोघी कोपऱ्यात उभ्या राहून ऐकत होतो. परत येताना मैत्रीण इतकंच म्हणाली, “तुझ्या ओळी माझ्या चित्रांवर बसल्यात.” मला लागलं ते, पण खरं होतं.

मग मी वाचायला लागले. आजोबांनी जे आपसूक केलं त्याला अभ्यासकांनी नाव दिलेलं आहे, संवादी वाचन. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या काही पालकांना त्यांनी वाचण्याची वेगळी रीत शिकवली: ‘हो-नाही’ने संपणार नाहीत असे प्रश्न विचारायचे, मूल जे बोलेल ते धरून वाक्य वाढवायचं आणि हळूहळू बोलायचं काम मुलाकडे सोपवायचं. बाकीचे पालक नेहमीसारखंच वाचत राहिले. महिनाभरानंतर पहिल्या गटातली मुलं बोलण्यात स्पष्टपणे पुढे गेलेली होती. पुस्तक दोन्हीकडे होतं. फरक पडला तो मांडीवरच्या गप्पांनी.

‘वाक्य वाढवायचं’ म्हणजे काय, हे आम्ही आता पालकांना असं दाखवतो. मूल बोट ठेवून म्हणतं, “गाडी.” आपण म्हणायचं, “हो, गाडी. लाल गाडी. आगीचा बंब आहे हा.” एवढंच. पुढच्या वेळी “बंब” हा शब्द त्याच्याकडून येतो का ते पाहायचं. नाही आला तर आपणच पुन्हा म्हणायचं, सहज.

या वाचनात माझ्यासारख्या अक्षरं जुळवणारीला एक गोष्ट पचवणं फार जड गेलं. २००५ साली मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन यांनी मोठं माणूस चित्रपुस्तक वाचून दाखवत असताना लहान मुलांचे डोळे कुठे जातात ते यंत्राने टिपलं. डोळे जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर होते, अक्षरांकडे जेमतेम. मी टंक, म्हणजे अक्षरांचं वळण, निवडण्यात घालवलेले दिवस आठवले. तरी अक्षरांची काळजी मी सोडलेली नाही, फक्त ती कुणासाठी घ्यायची हे बदललं. मांडीवर मूल, मुलाच्या डोक्यावरून वाकून बघणारं मोठं माणूस, उजेड कमी, पुस्तक तिरकं. त्या माणसाला अडखळावं लागू नये इतकं अक्षर मोठं आणि ओळ इतकी आखूड, की एका नजरेत उचलून डोळे परत मुलाकडे नेता यावेत.

दुसऱ्या पुस्तकापासून मी ओळी कापायला लागले. चित्रात मांजर टेबलाखाली लपलेलं दिसतंय, तर ‘मांजर टेबलाखाली लपलं’ असं लिहून काय साधलं? त्याऐवजी मजकूर एवढाच ठेवला: ‘मांजर कुठेच नव्हतं.’ वाचणारा असं म्हणाला की तीन वर्षांचं मूल जागेवरून उसळतं. “आहे! तिथं आहे!” त्याला ठाऊक आहे आणि वाचणाऱ्याला नाही, या आनंदासाठी ते पुस्तक पुन्हा पुन्हा मागतं. पान उलटण्याचंही तसंच. प्रश्न उजव्या पानावर संपायला हवा आणि उत्तर पानामागे हवं, म्हणजे त्या चिमुकल्या हाताला पान उलटायला कारण मिळतं. ज्या हाताचा मला राग आला होता, त्याच्यासाठी आता मी पानांची आखणी करते.

चुका पुढेही झाल्या. एका पुस्तकात आम्ही नायकाचा चेहरा नेमका जोडपानाच्या मध्यावर काढला. पडद्यावर ते छान दिसत होतं. शिलाई झाल्यावर एक डोळा घडीत गडप झाला. छापखान्याचा काही दोष नव्हता, डमी, म्हणजे पुस्तकाचा हाताने केलेला नमुना, शिवून न पाहताच मी फाइल पाठवली होती. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाची डमी आम्ही हाताने कापून, शिवून, मांडीवर ठेवून बघतो.

त्याहून मोठी चूक प्रश्नांची. संवादी वाचनाने मी इतकी भारावले होते की एका पुस्तकाच्या प्रत्येक पानाखाली पालकांसाठी प्रश्न छापले. ‘हा प्राणी कोणता?’ ‘किती फुगे आहेत?’ ‘आता काय होईल?’ हेतू चांगला होता. पण वाचनात काय घडलं ते सांगते. आया-बाबा क्रमाने एकेक प्रश्न वाचू लागले, उत्तर बरोबर आलं की “शाब्बास”, चुकलं की “नीट बघ”. दहा मिनिटांत खोली गप्प झाली. मुलं पुस्तकाऐवजी आईच्या चेहऱ्याकडे बघायला लागली, बरोबर सांगितलं का ते तिथं दिसतं म्हणून. मी मुलांसाठी परीक्षा छापली होती. दुसऱ्या आवृत्तीत सगळे प्रश्न काढून टाकले आणि तिथे कोरी जागा राहू दिली.

त्यानंतर पालकांशी बोलताना मी एका गोष्टीवर फार भर देते: थांबणं. काही विचारलंत तर मनातल्या मनात पाच अंक मोजा. लहान मुलाला बघायचं असतं, विचार करायचा असतो, शब्द शोधायचा असतो आणि मग तोंड उघडायचं असतं. आपण दुसऱ्याच अंकाला उत्तर सांगून मोकळे होतो. आणि प्रत्येक पानाला विचारायलाच हवं असंही नाही. कधी कधी नुसतं “अरे बापरे” म्हणून गप्प बसलं तर मूलच बोलायला लागतं.

खिडक्यांचं पुस्तकही केलं आम्ही. उचलायच्या झडपा, ओढायच्या पट्ट्या, फिरणारी चकती. मागणी होती, दिसायलाही देखणं होतं. मुलं त्यावर तुटून पडली आणि गोष्ट कुणालाच आठवेना. पुढे २०१० सालचा एक अभ्यास वाचनात आला. त्यात अशा करामतींच्या पुस्तकापेक्षा साध्या चित्रांच्या पुस्तकातून लहान मुलं नवी माहिती अधिक चांगली शिकली होती. हात गुंतले की डोळे आणि कान मागे पडत असावेत. आता आम्ही झडप ठेवतो ती फक्त अगदी लहानांच्या पुस्तकात, एका पानाला एक, भोऽक करण्यापुरती.

अगदी लहानांची पुस्तकं हा आमच्या कामातला माझा सगळ्यात लाडका भाग आहे. एक ताई खजील होऊन पुस्तक परत घेऊन आल्या. आठ महिन्यांच्या बाळाने त्याचा कोपरा चावून चावून लगदा केला होता. ते पुस्तक आजही माझ्या खणात आहे. त्या कोपऱ्याने आम्हाला शिकवलं की जाड पुठ्ठा हवा, कोपरे गोल हवेत, शाई आणि वरचा थर तोंडात गेला तरी चालेल असा हवा, आणि सुटून हातात येईल असं काहीही नको. बाळ पुस्तक वाया घालवत नसतं. ज्यूडी डीलोश आणि सहकाऱ्यांचा १९९८ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे: नऊ महिन्यांची मुलं छापलेल्या वस्तूवर हात फिरवतात, ती पानावरून उचलायलाही बघतात. वयाचं दीडएक वर्ष उलटलं की तेच हात चित्राकडे बोट दाखवू लागतात. चित्र ही वस्तू नाही, वस्तूची खूण आहे, हे माणसाचं पिल्लू या काही महिन्यांत, कुणाच्या तरी मांडीवर शिकतं. “एवढ्याशा बाळाला काय कळणार?” असं विचारणाऱ्यांना मी हा प्रयोग सांगते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१४ साली तान्हेपणापासूनच मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं होतं.

चित्र आणि शब्द शेजारी ठेवून मुलांना जग दाखवायची युक्ती तशी जुनी. कॉमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये लॅटिन आणि जर्मन मजकुराचं सचित्र पुस्तक काढलं. त्यातली वर्णमाला प्राण्यांच्या आवाजांनी शिकवली आहे आणि तिची सुरुवात कावळ्यापासून होते. साडेतीनशे वर्षांपूर्वीसुद्धा कुणीतरी पानावर बोट ठेवून कावळ्यासारखं ओरडलं असेल, या कल्पनेने मला फार बळ येतं.

मध्यंतरी दोन वर्षं ओढाताणीची गेली. विक्री थंडावली, गठ्ठे पलंगाखाली गेले, आणि जो तो म्हणायचा की अ‍ॅप काढा, चित्रं हलवा, आवाज घाला. आम्ही त्याचा प्रामाणिकपणे विचार केला, नमुनाही करून बघितला. माझी मात्र त्यावर श्रद्धा बसेना, कारण यंत्र वाचायला लागलं की मोठं माणूस गप्प बसत होतं. २०१९ साली ३७ पालक-मुलांच्या जोड्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसलं: कागदी पुस्तकाबरोबर आई-वडील आणि मुलं दोघंही जास्त बोलली, पडद्यावरच्या पुस्तकाबरोबर कमी. आम्ही नमुना बाजूला ठेवला आणि बालवाड्यांमध्ये, वाचनालयांमध्ये जाऊन वाचनाच्या बैठका वाढवल्या. पुस्तकं त्यातूनच हळूहळू खपायला लागली. आता आम्ही पाचजण आहोत.

बैठकीत सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे, “ताई, रोज हेच पुस्तक मागतो हो, आम्हाला कंटाळा आला.” त्याला देत राहा, असं मी हात जोडून सांगते. जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात तीच गोष्ट परत परत ऐकणाऱ्या मुलांना नवे शब्द जास्त लक्षात राहिले. वेगवेगळ्या गोष्टींतून तेच शब्द तितक्याच वेळा ऐकलेली मुलं मागे राहिली. मी स्वतः पाहिलंय, पहिल्या वाचनाला मूल नायकाला बघतं, चौथ्याला त्याच्या कुत्र्याला, आणि आठव्या-दहाव्या खेपेला त्याचं बोट कोपऱ्यातल्या गोगलगायीवर जातं. म्हणून मैत्रीण प्रत्येक पानात अशी एक गोगलगाय सोडते, जिच्याबद्दल मजकुरात अवाक्षर नसतं.

सध्या एका शब्दही नसलेल्या पुस्तकावर काम चाललं आहे. माझ्याकडे त्यात लिहायला काहीच नाही, फक्त पानं लावायची. परवा डमी घेऊन बालवाडीत गेलो होतो. एक चार वर्षांची मुलगी चौदाव्या पानावर थांबली, मागे बाराव्यावर गेली, पुन्हा चौदाव्यावर आली आणि म्हणाली, “हिची चप्पल कुठं गेली?” आम्ही दोघींनी पान पाहिलं. एका पायात खरंच चप्पल नव्हती, मैत्रिणीकडून काढायची राहून गेली होती. तिने पेन्सिल काढली, मग थांबली आणि त्या मुलीला विचारलं, “कुठं गेली असेल गं?” मुलगी बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. आम्ही पाच अंक मोजले, दहा मोजले. “नदीत,” ती म्हणाली, “आणि माशाला ती होडी वाटली.”

तेराव्या पानावर आता नदी येते आहे.