फेब्रुवारीतलं गाव

कुठल्याही लहान गावाची माहिती वाचायला घ्या, सुरुवातीची वाक्यं ठरलेली. अमुक तालुक्यातलं इतक्या हेक्टरांचं गाव. २०११ च्या जनगणनेनुसार इतकी कुटुंबं, एकूण लोकसंख्या इतकी, पैकी पुरुष इतके, स्त्रिया इतक्या. मग साक्षरता, जवळचं शहर, असलाच तर ओढा. मला ही वाक्यं आवडतात. त्यांत गावाचं कौतुक नसतं आणि रडगाणंही नसतं. फक्त हेक्टरांचा आकडा आणि माणसांचा आकडा असे एका ओळीत शेजारी बसलेले पाहिले की वाटतं, यांची सोयरीक जमवली कोणी?

कारण हेक्टर पक्के असतात. शिवेचा दगड कुणी चार हात सरकवला तर भावकीत डोकी फुटतील, पण गावनकाशावरची रेघ जागची हलत नाही. त्या रेघेच्या आत जमिनीचे जुने दोन वाटे: राहायची पांढरी आणि पिकवायची काळी. चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी साचत गेली की जमिनीचा रंगच बदलतो. पुरातत्त्ववाले पांढरीची टेकाडं हुडकत फिरतात ते याचसाठी. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं अशी टेकाडं खणली, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुनी घरं हाती लागली. धरणात गेलेल्या गावांची गोष्ट वेगळी, तिथं शीवच पाण्याखाली.

आणि महसुली दप्तरात गाव असायला माणसं लागतातच असंही नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ६ लाख ४० हजारांवर गावं नोंदली गेली, त्यांतल्या चाळीस हजारांहून जास्त गावांत एकही माणूस राहत नव्हता. नाव आहे, शीव आहे, क्षेत्रफळ आहे. बेचिराग, म्हणजे दिवा लावायलाही कुणी नसलेलं.

माणसांचा आकडा मात्र एका विशिष्ट महिन्याचा. ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या वीस दिवसांत प्रगणक दारोदार फिरले. नियम असा, की या सगळ्या काळात जो गावाबाहेर आहे त्याला घरी धरायचं नाही, तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. नियम म्हणून चोख आहे. नाहीतर एकच माणूस दोनदा मोजला जाईल. पण आता बीड जिल्ह्यातलं एखादं डोंगराकडचं गाव घ्या. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दिवाळीच्या मागेपुढे टोळ्या निघतात आणि साखर कारखान्याचा पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे गाळप संपल्याशिवाय, परतत नाहीत. फेब्रुवारीत म्हणजे हंगाम ऐन भरात. गावात म्हातारीकोतारी आणि त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडं. कारखान्याच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. जनगणनेच्या हिशोबात ती दोन माणसं खरी, पण सांगली-कोल्हापूरकडच्या ज्या गावात कोपी, म्हणजे राहायची झोपडी, बांधली त्या गावची. तिथल्या ग्रामपंचायतीला आपली लोकसंख्या एवढी कशी फुगली याचं नवल वाटत असेल. बीडच्या गावाला ते वाटायलाही कुणी घरी नसतं.

कोकणात हीच कथा बारमाही. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया भरल्या. आकडा नुसता वाचला तर वाटेल, काय सुधारलेला जिल्हा! पुरुष मुंबईला होते, एवढंच. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या त्या दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी घटली. आणि तरी भाद्रपदात जा तिथं. जी घरं प्रगणकाला कुलूपबंद मिळाली असतील, त्यांच्या ओटीवर झोपायला जागा नसते. यातला खरा आकडा कुठला? मला विचाराल तर दोन्ही खरे, पण छापला जातो एकच. त्यावर निधी ठरतो, ग्रामपंचायतीत किती सदस्य असावेत तेही ठरतं.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून गावागावांच्या माहितीत अजून तोच २०११ चा आकडा. आता पुढची २०२७ ला आहे, आणि त्यासाठी धरलेला क्षण पुन्हा २८ फेब्रुवारी संपून १ मार्च लागण्याचा. म्हणजे कोयते फडातच असणार. माझ्या हातात असतं तर कोकणची मोजणी मी गौरी जेवतात त्या दिवशी लावली असती आणि बीडची मृगाच्या पेरणीला. प्रगणकांनी भर चिखलात मला शिव्या दिल्या असत्या, तेवढं चाललं असतं.