आधी खुर्ची आणा

आमच्या घराण्यात व्यायाम बघण्याची परंपरा जुनी आहे. करण्याची तेवढी नाही.

दूरदर्शन रंगीत झालं त्याच वर्षी, म्हणजे १९८२ साली, बाबांनी ठाण्यातल्या नौपाड्यात आमच्या दोन खोल्यांत ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला. आता सगळे रंगीतच्या मागे लागणार, तेव्हा हा स्वस्तात मिळतोय तर घेऊन टाकावा, असा त्यांचा हिशेब. लाकडी शटरचा, चार पायांवर उभा. त्यावर कधीमधी योगासनं लागायची. शुभ्र कपड्यांतले शिक्षक संथ आवाजात श्वास घ्यायला सांगायचे, सोडायला सांगायचे आणि तेवढ्या वेळात घरात कुणी बोललेलं आईला खपायचं नाही. ती स्वतः खाली फतकल मारून सुपात तांदूळ निवडत असायची. शिक्षकांचा पाय मानेमागे गेला की तिचा हात थांबायचा, पाय जागेवर आला की खडे पुन्हा सुरू. बाबा खुर्चीत. कार्यक्रम संपला की "हं, शरीर कमावलंय" म्हणायचे आणि चहा मागायचे. मला तो आळस वाटायचा. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात दिवसभर मशीनसमोर उभं राहून आलेल्या माणसाने संध्याकाळी घरी आणखी काय करावं, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

आईचे वडील मात्र नमस्कारवाले. त्यांचं शिक्षण औंध संस्थानातलं, आणि तिथे शाळेत सूर्यनमस्कारातून सुटका नव्हती, कारण खुद्द राजाच रोज घालायचा. भवानराव पंतप्रतिनिधींनी नमस्कारांचा असा काही ध्यास घेतला होता की त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली थेट लंडनहून निघालं. आजोबा सत्तरीतही पहाटे पंचवीस घालत. आमच्याकडे मुक्कामाला असले की टीव्हीतल्या शिक्षकांकडे जरा वेळ बघत आणि निकाल देत, "गृहस्थ चांगले आहेत, पण घामाचे नाहीत."

हे सगळं आठवायला निमित्त झालं माझ्या रिपोर्टचं. जूनमध्ये रक्तातल्या साखरेचं एचबीए१सी ६.२ निघालं. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण दारात उभा आहे, चालायला लागा. मी कचराळी तलावाला फेऱ्या सुरू केल्या. तिथे सकाळी सगळं ठाणं चालत असतं. कारली, दुधी, आवळा असे हिरवे-पिवळे रस पिऊन तोंडं वाकडी करत असतं आणि नंतर त्यातलं बरंचसं जिलबीच्या दुकानापुढे तोंडं सरळ करताना दिसतं. मी कुठल्या गटात होतो ते विचारू नका. जुलैत पाऊस लागला आणि फेऱ्या थांबल्या. मग मुलाने टीव्हीवर यूट्यूब लावून दिलं आणि व्यायामाचं काहीतरी शोधता शोधता मला अमेरिकन टीव्हीवरचा जुना व्यायामशिक्षक जॅक लॅलेन भेटला.

कृष्णधवल चित्र. मागे ऑर्गन वाजतोय. खांद्यात कपाटाएवढा रुंद, कमरेत चिंचोळा असा एक बुटका गृहस्थ अंगाला घट्ट बसलेला जंपसूट घालून थेट माझ्याकडे बघत होता. मागच्या भिंतीजवळ वजनं नाहीत, यंत्रं नाहीत. एक साधी पाठीची खुर्ची. तो म्हणाला, आत जा आणि खुर्ची घेऊन या, मी थांबतो. आणि तो खरंच थांबल्यासारखा दिसला! मी मुकाट्याने उठलो.

त्या खुर्चीची गंमत मला नंतर कळली. लॅलेन १९१४ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला. लहानपणी गोडाचं व्यसन म्हणावं इतका गोडघाशा, डोकेदुखीने हैराण, अंगात राग. पंधराव्या वर्षी आई त्याला पॉल ब्रॅग नावाच्या आहारतज्ज्ञाच्या व्याख्यानाला घेऊन गेली. उशीर झाला होता, सभागृह भरलेलं. माघारी फिरणार तोच ब्रॅगने थांबवलं आणि या मायलेकरांसाठी दोन खुर्च्या मंचावरच मांडायला लावल्या. सगळ्या गावासमोर. नंतर त्याने पोराला विचारलं, काय खातोस? केक, आइस्क्रीम. तर तू चालता-बोलता कचऱ्याचा डबा आहेस, असं उत्तर मिळालं. पोरगं त्या रात्री घरी गेलं आणि साखर सुटली ती कायमची. माझ्या पंधराव्या वर्षी मला कुणी असं म्हणालं असतं तर मी रडलो असतो आणि आईने समजूत काढायला शिरा केला असता.

१९३६ साली त्याने ओकलंडमध्ये व्यायामशाळा काढली. वजनं उचलली तर हृदय बंद पडेल, बायका पुरुषांसारख्या दिसू लागतील, असं तेव्हाचे डॉक्टर लोकांना सांगत. १९५१ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या स्थानिक टीव्हीवर आला, १९५९ पासून देशभर दिसू लागला आणि १९८५ पर्यंत दिसतच राहिला. आमचे भवानराव १९५१ मध्येच गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण आजोबा असते तर त्यांनी जोडला असता. आणि लॅलेनला त्यांनी "घामाचा" म्हटलं असतं हेही नक्की. बेचाळिसाव्या वर्षी गड्याने टीव्हीवर तेवीस मिनिटांत १,०३३ जोर काढले होते. साठाव्या वर्षी, १९७४ मध्ये, हातांत बेड्या घालून आणि मागे हजार पौंडांची होडी ओढत अल्कट्राझ बेटापासून किनाऱ्यापर्यंत पोहला. आमच्या सोसायटीत साठाव्या वर्षी लोक लिफ्टसाठी मेंटेनन्स वाढवून मागतात.

पण मला त्याच्या पराक्रमांपेक्षा त्याचं बोलणं आवडलं. त्याला ठाऊक होतं की समोर सकाळची कामं उरकून टेकलेली, घरात एकटी असलेली बाई आहे. तो तिच्याशी बोलायचा. तुमच्या कुत्र्याला सकाळी उठवून कॉफी आणि डोनट द्याल का? मग स्वतःला कशाला देता? मैदा नको, साखर नको, माणसाने कारखान्यात बनवलेलं काही नको. हे सगळं हसत, मोठ्या आवाजात, शेजाऱ्याच्या हक्काने. मला तर हा एखाद्या उलट्या रीतीच्या पाहुण्यासारखा वाटला. आपल्याकडे पाहुणा आला की आपण "बसा, बसा" म्हणतो. हा उलटा, घरात शिरतो, चहाला नाही म्हणतो आणि यजमानालाच उठवतो. शिवाय जाता जाता लांबणारा रबरी पट्टाही विकतो. पुढे तर त्याने रस काढायचं यंत्रही विकलं, म्हणजे कचराळीवरच्या दुधीवाल्याचा तो थोरला बंधूच.

आणि मनापासून एक गोष्ट पटली. तो उघड सांगायचा की व्यायाम करायला मला आवडत नाही, झाल्यानंतरचं आवडतं. एवढा प्रामाणिकपणा मी जिमच्या एकाही जाहिरातीत पाहिलेला नाही.

त्याच्यानंतरची मंडळीही मी बघून काढली. सिनसिनाटीहून १९७० पासून योग शिकवणाऱ्या लिलियास फोलन. लांब वेणी, शांत बोलणं. आमच्या शुभ्र कपड्यांतल्या शिक्षकांशी त्यांचं छान जमलं असतं. १९८३ मध्ये बीबीसीच्या सकाळच्या कार्यक्रमात हिरवा घट्ट पोशाख घालून येणाऱ्या डायना मोरन. त्या लंडनच्या स्टेशनवर उतरून कामावर निघालेल्या लोकांकडून हातपाय हलवून घ्यायच्या. ते बघताना मी ठाणे स्टेशन डोळ्यांपुढे आणलं. आठ-चौदाची फास्ट लागतेय, पुलावर मुंगीला वाट नाही आणि कुणी हसतमुख बाई सांगतेय, दोन्ही हात बाजूला पसरा. पसरायला जागा कुठे आहे? हात वर मात्र आपोआप जातात, कडी धरायला.

तर खुर्ची. पहिल्याच दिवशी मी घडीची लोखंडी खुर्ची आणली, कारण तीच रिकामी होती. लॅलेन पाठ धरून एक पाय मागे नेत होता. मीही नेला. त्याची खुर्ची जमिनीला धरून राहिली, आमची गुळगुळीत फरशीवरून सरकत सरकत टीपॉयपर्यंत गेली आणि तिथे शांतपणे घडी होऊन आडवी झाली. माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट त्या घडीत. आवाज ऐकून बायको आतून आली. आधी फरशी बघितली, मग खुर्ची, मग मला. "तडा नाही ना गेला?" ती म्हणाली. फरशीला, हे तिने नंतर स्पष्ट केलं.

दोन दिवस बोटाला बर्फ लावून मी फक्त चेहऱ्याचे व्यायाम केले. हो, लॅलेन तेही शिकवायचा. डोळे ताणायचे, जबडा फाकवायचा, गालांना ताण द्यायचा. ते चालू असताना सफाईवाल्या मावशी दार वाजवून आत आल्या आणि कचऱ्याचा डबा घेऊन काही न बोलता गेल्या. संध्याकाळी खाली वॉचमनने विचारलं, "साहेब, दात दुखतोय का?"

आई चौऱ्याऐंशीची आहे. तिला आता खाली बसता येत नाही, तांदूळ मात्र निवडता येतो. सकाळी तिचा चहा आणि माझा व्यायाम एकाच वेळी पडू लागला. बाबांच्याच जुन्या, हातांच्या खुर्चीत बसून ती लॅलेनकडे बघायची. इंग्रजी तिला येत नाही, पण तिला ते अडलं नाही.

"हा काय सांगतोय?"

"साखर विष आहे म्हणतोय."

"बरोबर आहे." तिने स्वतःच्या कपाकडे बघितलं नाही.

आणखी एक दिवस मी तिला सांगितलं की पुढे हा दुधाच्याही विरोधात गेला. माणूस सोडून कुठला प्राणी मोठेपणी दूध पितो, असं विचारायचा. त्यावर मात्र ती चिडली. "कुठला प्राणी टीव्हीवर येऊन उड्या मारतो?" मला उत्तर सुचलं नाही. लॅलेनलाही सुचलं नसतं, पण त्याने विषय बदलून तिला टाचा उचलायला लावल्या असत्या. तो शहाण्णव वर्षं जगला, २०११ मध्ये गेला, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या अण्णांची आई सत्त्याण्णव. दोन्ही वेळा दूधभात."

गेल्या आठवड्यात बोट सुटं झालं आणि मी पुन्हा खुर्ची आणली. या वेळी जेवणाच्या टेबलाची, लाकडी, जड. पाठ धरली. आई मागून म्हणाली, "भिंतीला लाव ती. तो मेला तिकडे रिकाम्या खोलीत आहे, त्याला काय होतंय." मी लावली. खुर्ची हलली नाही. दहा वेळा उजवा पाय, दहा वेळा डावा. लॅलेन आकडे मोजत होता आणि माझ्या मागून कपबशीचा बारीक आवाज येत होता, टिक, टिक, त्याच्या मोजण्याच्या तालावर. वळून पाहिलं. कपबशी मांडीवर धरलेली, तोंड टीव्हीकडे, आणि साडीच्या काठाखाली दोन्ही टाचा वर होत होत्या, खाली होत होत्या.

मी बघतोय हे कळताच टाचा थांबल्या.

पडद्यावर लॅलेनचा पांढरा जर्मन शेफर्ड येऊन बसला होता. हॅपी त्याचं नाव. कुत्रा बघायला मुलं धावत येतील आणि आईलाही ओढून आणतील, म्हणून तो त्याला कार्यक्रमात आणायचा.

"कुत्रा गुणी आहे," आई म्हणाली. "अजिबात हलत नाही."