पांढरी सोडून काळीत

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाच दिवस उरले होते. अमळनेरच्या बाहेर तीस बाय पन्नासच्या एका बिनशेती प्लॉटवर मी जेसीबीने खड्डा घेत होतो. मालक एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही. आखाजीला भूमिपूजन आणि दिवाळीच्या आत राहायला जायचं, असा बेत. परवानगीचा नकाशा दुसऱ्या एका इंजिनिअरने प्लॉट न बघताच काढलेला होता आणि त्यात पाया पाच फूट धरला होता. आरसीसीचं डिझाईन माझ्याकडे आलं म्हणून मी अडून बसलो, आधी माती बघू.

घर बांधायचं ठरलं की माणसं टाइल्स बघायला पार मोरबीपर्यंत जातात, गेटचे शंभर फोटो मोबाईलमध्ये साठवतात. खड्डा घेऊ म्हटलं की मात्र ‘कशाला खर्च?’ ठेकेदार स्क्वेअर फुटाचा भाव सांगतो तेव्हा पाया किती खोल धरलाय, हे कुणी विचारत नाही, आणि तोही आपणहून सांगत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

उन्हाने जमिनीला भेगा पडल्या होत्या. एका भेगेत मी लोखंडी टेप सोडला, तो तीन फुटांवर जाऊन अडकला. खड्ड्यात चार फुटांवर काळी, सात फुटांवरही काळीच. ढेकूळ हाताने फोडलं तर आतली बाजू चकचकीत, तेल लावून घोटल्यासारखी. माती फुगते, आक्रसते आणि आतल्या आत स्वतःवरच घासते, त्याची ती चमक. नऊ फुटांवर पिवळसर थर आणि चुनखडीचे खडे लागले. मुरूम, म्हणजे न फुगणारा घट्ट थर, लागला साडेअकरा फुटांवर.

आबांना पटावं म्हणून ऑफिसात त्यांच्यासमोरच फुगीची चाचणी लावली. वाळवून बारीक चाळलेली माती, दहा-दहा ग्रॅम, काचेच्या दोन नळ्यांत. एकीत रॉकेल, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर. रॉकेलात ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. चोवीस तासांनी रॉकेलातली बारा मिलिलिटरवर होती आणि पाण्यातली पंचवीसवर. आबा दोन्ही नळ्यांकडे बघत राहिले. आबांच्या पत्नीने, म्हणजे मावशींनी, पाण्याच्या नळीला बोट लावून विचारलं, “हाई आपलीच माटी शे ना?”

आता हिशेब. बारा कॉलम थेट मुरुमापर्यंत न्यायचे, जमिनीलगत बीम बांधायचे, जोत्याच्या आतली काळी काढून मुरूम भरायचा. दुसरा मार्ग अंडर-रीम पाईलचा, म्हणजे खाली गोळा असलेले खांब आणि बीमखाली मोकळी फट, माती फुगली तरी वर ढकलायला तिला काही सापडू नये म्हणून. पण हे नीट करणारं पथक आमच्याकडे सहज मिळत नाही, आणि गोळा नीट झाला नाही तर खर्च वाया. दोन्हीकडून पावणेतीन लाख वाढत होते. आबांच्या हातात फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून अठरा लाख, कर्ज मिळायचं वय नाही. म्हणजे पोर्च गेला, जिना गेला, लेकी आखाजीला माहेरी येतील त्यांच्यासाठी धरलेली मागची खोली गेली.

मावशी म्हणाल्या, “भाऊ, गावातलं आमचं धाब्याचं घर सासऱ्यांच्याही आधीचं आहे. त्याला कुठे होता एवढा पाया?”

प्रश्न रास्त होता. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात छताचा भार लाकडी खांबांवर असतो. दोन-दोन फूट जाडीची मातीची भिंत तडकली तरी छत पडत नाही, पावसाळ्याआधी लिंपून घेतलं की झालं. शिवाय ते घर गावठाणात आहे, पांढरीवर. जुनी माणसं वस्तीच्या जागेला पांढरी म्हणायची आणि पिकाच्या जमिनीला काळी. तापी-बोरीच्या काठच्या या काळीत कापूस होतो, कारण ती पाणी धरते. पाणी धरते म्हणूनच फुगते. बिनशेतीच्या शिक्क्याने मातीचा गुण बदलत नाही. आज आमच्या प्रत्येक तालुक्याच्या गावाभोवती काळीतच कॉलन्या उठल्यात.

मावशी हळूच म्हणाल्या, “म्हणजे हाई जमीन घरनी नही, पीकनी शे.”

आबांचा पोरगा पुण्याला असतो. फोनवर म्हणाला, प्लॉट विका आणि तयार रो-हाऊस घ्या. तयार घराचा पाया कुणी उघडून दाखवतो का? निदान इथे खड्डा तरी डोळ्यांसमोर आहे. हे मी त्याला बोललो, पण आबांनी विचारलं, “साहेब, तुम्ही माझ्या जागी असता तर?” तेव्हा तोंडातून गेलं, “मी इथे बांधलं नसतं.”

त्या उत्तरावर मी अजून अडकलोय. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मालकाच्या आग्रहापुढे मी साडेचार फुटांचा पाया मान्य केला होता. त्या घराचं स्वयंपाकघराचं दार दर पावसाळ्यात घट्ट बसतं, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग छतापर्यंत गेलीय. ते कुटुंब भेटलं की अजूनही चहा पाजतं. आबांना मी त्यांच्या जमिनीचं सांगितलं की त्या घराचं, हे मला ठरवता येत नाही. बांधता येतंच, फक्त दोन खोल्यांचं. दोन खोल्या कमी आहेत हे ठरवणारा मी कोण?

आखाजीला भूमिपूजन झालं नाही. लेकी आल्या, गावातल्या जुन्या घरीच कडुलिंबाला झोके बांधले. गेल्या आठवड्यात आबा एकटे आले. नळ्या अजून टेबलावर आहेत. त्यांनी विचारलं, “हे पाणी आटलं की माती परत खाली बसेल का?” मी म्हटलं, बसेल, आणि पावसात पुन्हा वर येईल. त्यांनी नकाशाची गुंडाळी उचलली, पिशवीत घातली, मग काढून परत टेबलावर ठेवली. म्हणाले, “दोन खोल्यांचा पण एक काढून ठेवा. खड्डा इतक्यात बुजवू नका.”