खाट वीतभर वर केली तर

सोलापुरात अतिदक्षता विभागासाठी तंत्रज्ञ घडवण्याच्या कामात मला दरवर्षी एकच अनुभव येतो. मॉनिटरची बटणे मुलांना दोन दिवसांत हाताळता येतात. पडद्यावरचा आकडा कशाकशाने बिघडतो, हे अंगवळणी पडायला मात्र महिने लागतात.

सर्वांत अवघड जाते ती आर्ट लाइन, म्हणजे धमनीत घातलेल्या नळीवरून अखंड मोजला जाणारा रक्तदाब. तिचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे नळीतला दाब टिपून मॉनिटरला कळवणारा भाग, रुग्णाच्या हृदयातील उजव्या कर्णिकेच्या पातळीत, म्हणजे चौथ्या व पाचव्या बरगडीमधील जागा आणि काखेची मध्यरेषा जिथे मिळतात तिथे असावा लागतो. तो १० सेंटिमीटर खाली राहिला, तर दाब सुमारे साडेसात मिलिमीटर पाऱ्याने जास्त दिसतो. हे फळ्यावर कितीही वेळा लिहिले, तरी मुले झिरो करणे (ट्रान्सड्यूसर हवेला उघडून शून्य ठरवणे) आणि लेव्हल करणे (तो हृदयाच्या पातळीत आणणे) या दोन गोष्टींची गल्लत करतातच. एका तुकडीत गवंड्याचा मुलगा होता. नळीकडे बराच वेळ पाहून तो म्हणाला, "सर, बाबा भिंतीची पातळी बघायला पाण्याची नळी धरतात, तसंच आहे की हे." त्या दिवसापासून मी पारदर्शक नळी आणि पाणी घेऊनच हा तास सुरू करतो.

सरावासाठी रुग्णाची गरज लागत नाही. ट्रान्सड्यूसरपासून एक मीटर उंचीवर सलाइनची पिशवी टांगून नळीने जोडली, की पडद्यावर ७४ च्या आसपास आकडा येतो. पिशवी वरखाली करून मुले स्वतःच हिशेब पडताळतात.

इतर चुका त्या मानाने लवकर सुटतात. दंडाला लहान पडणारा कफ, म्हणजे रक्तदाब मोजायला गुंडाळायचा पट्टा, दाब वाढवून दाखवतो. ईसीजीची लाल वायर एका पद्धतीत उजव्या हाताची, तर दुसरीत डाव्या पायाची असते. म्हणून रंग पाठ करण्यापेक्षा वायरवरची अक्षरे वाचावीत. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना, घामाने इलेक्ट्रोड सुटतात आणि मॉनिटर उगाच कोकलत राहतो. अशा वेळी अलार्म बंद करून टाकणाऱ्यांवर माझा खरोखर राग आहे. त्वचा पुसून नवे इलेक्ट्रोड लावायला दोन मिनिटे पुरतात.

परीक्षेत मी पिशवी खाटेच्याच दांड्याला टांगतो, ट्रान्सड्यूसर वेगळ्या स्टँडवर ठेवतो आणि विद्यार्थी वहीत नोंद करीत असताना खाट वीसेक सेंटिमीटर वर घेतो. आकडा पंधराने चढतो. प्रत्यक्षात ५५ वर घसरलेला सरासरी दाब अशा वेळी ७० दिसेल आणि कोणालाही दाब चढवणारे औषध वाढवावेसे वाटणार नाही. त्या तुकडीतील बहुतेकांनी चढलेला आकडा नीटनेटक्या अक्षरांत उतरवून घेतला. गवंड्याच्या मुलाने पेन खिशाला लावले आणि आधी स्टँडचा स्क्रू सैल केला.